उजव्या अंगाची रेघ

आमच्या बिल्डिंगमधली माणसं दुबई, सिंगापूर करून येतात आणि लिफ्टमध्ये भेटली की फोनवर फोटो दाखवतात. बघावे लागतात, लिफ्ट सहाव्या मजल्यापर्यंत जाते. मी गेल्या महिन्यात टिटवाळ्याहून बाळकुमला जाऊन आलो. अंतर विचाराल तर सकाळी निघालेला माणूस दुपारचं तिथे जेवतो. मला चार दिवस लागले. पण मी जे बघून आलो ते बिल्डिंगमध्ये कोणी बघितलेलं नाही, म्हणून लिहून ठेवतोय. फोटो नाहीत.

माझी शाळा तिसरीपर्यंत. अक्षरं मात्र पन्नास वर्षं काढली. लिहिणं वेगळं आणि काढणं वेगळं. लिहिणाऱ्याला शब्द दिसतो, काढणाऱ्याला प्रत्येक अक्षराचं पोट, पाठ, पाय दिसतात. दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या पाठी, देवळाच्या देणगीदारांच्या फरश्या, सगळं केलं. आणि एक सिनेमा केला. म्हणजे सिनेमा सुरू होताना जी नावं येतात ती सगळी माझ्या हातची. बावीस पुठ्ठे. सिनेमाचं नाव लिहीत नाही, कारण तो चालला नाही आणि सिनेमा बनवणारा आता हयात नाही. चालला नाही तो गोष्टीमुळे. नावं चांगली होती.

हे मी घरात चाळीस वर्षं सांगत आलो. मुलगा ऐकून घेतो आणि हसतो. त्याने तो सिनेमा बघितलेला नाही, टीव्हीवर कधी लागला नाही. सिनेमाच्या नावांत माझं नाव नव्हतं. त्या काळी स्वयंपाक्याचं नाव असायचं, पण अक्षरं काढणाऱ्याचं नाही.

टिटवाळा ते कल्याण

फोन डोंबिवलीहून आला. ऋतुजा नावाची बाई, तिथल्या एका कॉलेजात चित्रकला आणि डिझाइन शिकवते. तिच्याकडे दहाबारा माणसं रविवारी जमतात आणि सिनेमांच्या सुरुवातीच्या नावांचा अभ्यास करतात.

"आणि नावांनंतरचा सिनेमा?" मी विचारलं.

"तोही बघतो काका. पण बोलतो फक्त नावांवर. कोणतं अक्षर, केवढं, कुठून येतं, किती वेळ थांबतं."

जगात शहाणी माणसं आहेत हे मला त्या दिवशी कळलं. तिला आमच्या सिनेमाची स्वच्छ प्रत मिळालेली. वर्तकनगरच्या एका हॉलमध्ये तो दाखवायचा होता आणि त्याआधी तिला सांगायचं होतं की ही अक्षरं कोणाची. आजवर सगळे कलादिग्दर्शकाचं नाव घेत आले. कोणीतरी मात्र तिला सांगितलं की बाळकुमला एक होडी रंगवणारा होता, त्याने काढलेली. शोधत शोधत ती माझ्यापर्यंत आली.

"काका, नक्की तुम्हीच ना? काही पुरावा असेल तर बरं होईल."

पुरावा. रेशनकार्ड मागावं तसा तिने शब्द टाकला. मी म्हणालो, येतो.

निघताना सून स्मिताने विचारलं, "बाबा, चष्मा घेतलात?"

"मला लांबचं दिसतं," मी म्हणालो आणि निघालो. रिक्षा नाक्यापर्यंत गेली तेव्हा कळलं की चष्मा टीव्हीवर राहिला. परत गेलो नाही. बोलून निघालेला माणूस परत जात नाही.

कल्याणला मेव्हण्याकडे उतरलो. महादू, माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. बायको इंदू, तिला जाऊन सहा वर्षं झाली. आम्ही सगळे मूळचे घाटावरचे, एकाच पट्ट्यातले. महादूचं घर खाडीच्या अंगाला आहे, पण त्याच्या घरात अजून घाटच शिजतो. बाजरीची भाकरी, खर्डा, वर कच्चं तेल. टिटवाळ्याला आमच्याकडे आता पोळ्या सकाळी करून डब्यात ठेवतात आणि संध्याकाळी त्याच खातात. इथे महादूची बायको चुलीसमोर बसावं तशी गॅससमोर उभी राहते आणि भाकरी तव्यावरून थेट ताटात येते. तीन खाल्ल्या.

"दाजी, सिनेमावाले गाडी पाठवतील असं म्हणालेलात," महादू म्हणाला.

"मी नको म्हणालो."

"म्हणजे पाठवली नाही."

"महादू, तुला यायचंय का नाही तेवढं सांग."

"येतो की. ताईचा पण सिनेमा आहे तो." त्याने खर्डा पुढे सरकवला. "तिचं काय सांगणार तिथं?"

"काय सांगायचं?"

"ती पण होती ना. पुठ्ठे रंगवताना."

"होती. डबे धुवायला होती. नावं वाचून दाखवायला होती."

हे खरं होतं. इंदू सातवी पास. निर्मात्याकडून यादी यायची, ती मोठ्याने वाचायची आणि खडूने फरशीवर लिहून दाखवायची. मी ते बघून काढायचो. माझ्या हातून एकही नाव चुकलं नाही ते त्यामुळे, हे मी कधीच नाकारलेलं नाही.

"एवढंच?" महादूने विचारलं.

"एवढंच."

"बरं," तो म्हणाला आणि भाकरी मोडायला लागला. ह्या माणसाचं 'बरं' मला लग्नापासून माहीत आहे. चिंचोक्यासारखं असतं. गिळलं तरी पचत नाही.

डोंबिवली

दुसऱ्या दिवशी डोंबिवली. तिथपर्यंतच्या प्रवासाचं वर्णन करत नाही, तो सगळ्यांच्या नशिबी आहे. डोंबिवलीतली माणसं रस्त्यातसुद्धा घाईत बोलतात आणि पोहे मात्र सावकाश खातात, हे नोंदवण्यासारखं. पोह्यांत बटाटा घालतात. आमच्याकडे पाहुण्यापुढे बटाट्याचे पोहे ठेवले तर कांदा महागलाय असं समजतात.

ऋतुजाचा वर्ग तिसऱ्या मजल्यावर. मुलगी म्हणू नये एवढी मोठी आणि बाई म्हणू नये एवढी लहान. तिने वाकून नमस्कार केला, मला बरं वाटलं. पांढऱ्या भिंतीवर तिने आधी आताच्या सिनेमांची नावं दाखवली. एकात अक्षरं काचेसारखी फुटत होती. एकात धुरातून येऊन धुरात जात होती. एकात तर कोपऱ्यात इतकी बारीक, जणू नाव द्यायचं नव्हतं पण वकिलाने द्यायला लावलं.

"कशी वाटली?" तिने विचारलं.

"हात चांगला आहे. पण माणसाच्या नावाला नाचवू नये. पाटीसमोर माणूस थांबतो आणि वाचतो. पडद्यावर उलटं आहे, माणूस बसलेला आणि पाटी निघून जाते. मग पाटीनेच थोडं थांबायला पाहिजे."

"किती?"

"ज्याचं नाव त्याने दोनदा वाचण्याइतकं. एकदा वाचायला आणि एकदा खरं वाटायला."

तिने ते वहीत लिहून घेतलं. मग तिने मला दाखवलं की आता घरी सिनेमा बघताना खाली एक बटण येतं, ते दाबलं की सगळी नावं उडतात आणि गोष्ट सुरू होते. मला हे माहीत नव्हतं.

"सगळे दाबतात?" मी विचारलं.

"बहुतेक."

"जेवायला यायचं आणि दारात उभ्या माणसाला ढकलून पाटावर बसायचं, असं झालं हे."

महादू म्हणाला, "दाजी, तुम्ही माझ्या लग्नात तेच केलेलंत." ऋतुजा हसली. मी दुर्लक्ष केलं.

मग तिने आमचा सिनेमा लावला. मला काही दिसेना. राखाडी पाणी आणि त्यावर पांढरे डाग. लांबचं दिसतं असं म्हणून आलेला माणूस मी. महादूने आपला चष्मा काढला, धोतराने पुसला आणि माझ्या मांडीवर ठेवला. दोन भागांचा चष्मा, नंबर जवळपास माझाच निघाला.

आता दिसलं. पहाटेची खाडी. एक होडी डावीकडून उजवीकडे निघालेली, वल्ह्याचा आवाज, बाकी काही नाही. आणि त्या पाण्यावर एक एक करून माझी अक्षरं. चाळीस-पंचेचाळीस वर्षांनी बघत होतो. ठेंगणी, रुंद बुडाची, पाण्यात बसलेल्या होडीसारखी. मी दुसऱ्याचं काम बघतो तसं कडक डोळ्याने बघितलं. खोट सापडली नाही.

ऋतुजाने एक पुठ्ठा भिंतीवर थांबवला आणि सांगायला लागली. "काका, ही नावावरची आडवी रेघ बघा. कोणीही ती डावीकडून उजवीकडे ओढतो. ब्रश टेकतो तिथे रेघ जाड, सुटतो तिथे बारीक. इथे उलटं आहे. उजवीकडे जाड, डावीकडे बारीक, कोरडी. होडी उजवीकडे निघालीय आणि अक्षरांचा वारा मागे राहतोय. सगळ्या नावांना चाल आलीय ह्या रेघेमुळे. मी शिकवते तेव्हा सांगते, दिग्दर्शकाने फार विचार करून केलंय."

"दिग्दर्शकाने काही केलं नाही," मी म्हणालो. "त्याने मला होडीवर नाव काढताना बघितलं आणि म्हणाला, असंच काढ. मी पुठ्ठा होडीच्या उजव्या अंगाला टेकवला आणि काढला. होडीवर रेघ तशीच ओढतात."

"तशीच म्हणजे?"

"उद्या बाळकुमला चल. होडीच दाखवतो."

ती खूश झाली. पण ती मास्तरीण. ती पुढे गेली आणि एकोणिसाव्या पुठ्ठ्यावर थांबली. आभाराचा पुठ्ठा. बाळकुमच्या ग्रामस्थांचे आणि होडीवाल्यांचे आभार, चार ओळी.

"हा बघा. इथे रेघ डावीकडून उजवीकडे आहे. अक्षरं तीच, पण इथे कोणाला घाई नाही. सगळ्यांत शांत पुठ्ठा हाच आहे. मला वाटतं, हा दुसऱ्या कोणाचा हात असावा. दोन माणसांनी केलंय हे काम."

मी त्या चष्म्यातून बघत होतो आणि मला बघितल्याबरोबर कळलेलं. तो हात इंदूचा होता.

झालं होतं असं. शेवटच्या दिवशी मी एकवीस पुठ्ठे घेऊन दादरला गेलो. मागाहून निर्मात्याचा माणूस बाळकुमला घरी आला, आभाराचा एक पुठ्ठा राहिलाय म्हणाला, संध्याकाळपर्यंत पाहिजे. मी नव्हतो. इंदूने फरशीवर पाट मांडला, त्यावर काळा पुठ्ठा ठेवला आणि काढला. मी परत आलो तेव्हा तो माणूस पुठ्ठा घेऊन गेलेला. मला संताप आला. माझ्या ब्रशला हात का लावला, म्हणून. दोन दिवस तिच्याशी बोललो नाही. मग बोललो, पण त्या पुठ्ठ्याबद्दल नाही. आणि पुढे सांगताना मी बावीस सांगत गेलो. इंदू समोर बसलेली असायची. तिने कधी दुरुस्त केलं नाही. सांगून सांगून मलाही बावीसच आठवायला लागले.

"एकच हात आहे," मी ऋतुजाला म्हणालो.

"पण काका, रेघ..."

"पन्नास वर्षं मी रेघा ओढल्या का तू? बावीसच्या बावीस माझे."

महादू खिडकीबाहेर बघत होता. "बरं," म्हणाला.

बाळकुम

मी बाळकुमला आलेलो तेव्हा तेरा-चौदा वर्षांचा असेन. चुलत्याबरोबर कामाला आलेलो आणि धाकलू तांडेल म्हणून एक कोळी होते, होडीचे मालक, त्यांनी मला ब्रश दिला. तेव्हा खाडी दिसायची आणि मधे शेतं. आता ऋतुजाच्या गाडीतून उतरलो तर वर बघून मान दुखली. चाळीस-चाळीस मजल्यांचे टॉवर, त्यांची नावं इंग्रजी, अक्षरं लोखंडाची कापलेली. एकालाही ब्रश लागलेला नाही. वॉचमनने विचारलं कुठे जायचंय. मी म्हणालो, "तू उभा आहेस तिथे आमची मोरी होती." त्याने वहीत काय लिहिलं माहीत नाही.

दोन टॉवरच्या मधून गल्ली आत जाते आणि कोळीवाडा जसाच्या तसा समोर येतो. धाकलू तांडेलांचा मुलगा हिराजी अंगणात जाळं घेऊन बसलेला. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा.

"कवा आयलास रं सदू?" त्याने मान वर न करता विचारलं, जणू मी काल गेलेलो. "मना वाटला तू वर गेलास."

"तुझ्या आधी नाही जाणार."

"बस मंग. निवट्या गावल्यान आज."

निवट्या म्हणजे खाडीच्या चिखलातले उड्या मारणारे मासे. दिसायला वाईट, पण आंबट-तिखट कालवण असं होतं की जेवताना कोणी बोलत नाही. सोबत तांदळाची भाकरी, पांढरी, रुमालासारखी मऊ. महादूने आधी नाक मुरडलं, घाटावरचा माणूस. मग वाटी तोंडाला लावली. ऋतुजा शाकाहारी निघाली. हिराजीच्या सुनेने तिला वालाची भाजी दिली आणि फार दया आल्यासारखं बघितलं. घाटावर पाहुण्याला आधी पाणी विचारतात, इथे आधी कालवण समोर येतं आणि नाव नंतर विचारतात. मला इथलं जास्त बरं वाटतं.

जेवण झाल्यावर हिराजी आम्हाला मागच्या परसात घेऊन गेला. ताडपत्रीखाली होडी. आता पाण्यात जात नाही, पण मोडवत नाही म्हणून ठेवलेली. दोन्ही अंगांना तिचं नाव, माझ्या हातचं. रंग फिका झालाय, पण अक्षर जागचं हललेलं नाही.

"हिराजी, हिला सांग, होडीवर रेघ कशी ओढायची ते."

हिराजीने ऋतुजाकडे बघितलं. "बाय, होरीव ब्रश नालेकरून मांगं जाते. मांगशी पुरं नाय. उलटा वढला त होरीची चाल अरते. माझे बापूसनी एकाला खारीन ढकलला ह्याचेपायी."

नाळ म्हणजे होडीचं तोंड. होडी चालते तेव्हा पाणी तोंडाकडून मागे जातं, म्हणून ब्रशसुद्धा तसाच जायला पाहिजे, नाहीतर तिची चाल अडते. अक्षरं कशीही काढा, पण वरची रेघ शेवटी, एका दमात, तोंडाकडून मागे. उजव्या अंगाला उभे राहिलात तर होडीचं तोंड तुमच्या उजव्या हाताला येतं. म्हणून तिथे रेघ उजवीकडून डावीकडे. खाडीत ज्याला ढकललेलं तो मीच. हे हिराजीने सांगितलं नाही, मीही सांगितलं नाही.

ऋतुजाने उजव्या अंगाच्या नावावरून बोट फिरवलं. उजवीकडे रंगाचा उंचवटा, डावीकडे कोरडे केस सुटलेले. फोनवर तिने पुठ्ठ्याचं चित्र उघडलं आणि शेजारी धरलं. तीच रेघ. तोच सुटलेला ब्रश. मग मला म्हणाली, "काका, मी दहा वर्षं चुकीचं शिकवलं."

"चुकीचं नाही. चाल आहे म्हणालीस, ती आहे. फक्त ती दिग्दर्शकाची नाही, धाकलू तांडेलांची आहे."

मला त्या परसात जे वाटलं ते लिहून होणार नाही. महादू बघत होता, हिराजी बघत होता. मुलाला फोन लावावा असंही वाटलं.

मग ऋतुजा होडीला वळसा घालून डाव्या अंगाला गेली. तिथे होडीचं तोंड डाव्या हाताला, म्हणून रेघ डावीकडून उजवीकडे. तिचा चेहरा उजळला.

"काका, म्हणजे आभाराचा पुठ्ठा डाव्या अंगाचा. होडीला दोन अंगं असतात तसं. एकवीस पुठ्ठे होडी जाताना आणि गावाचे आभार मानताना तुम्ही बाजू बदललीत. म्हणजे होडी तेवढ्यापुरती वळली. तुम्ही बरोबर होतात, एकच हात आहे. मीच मूर्ख."

किती सुंदर बोलली. खरंच कोणी तसं केलं असतं तर मी त्याला गुरू मानला असता. मला फक्त मान हलवायची होती. बावीसच्या बावीस माझे झाले असते, पुराव्यासकट, वर अक्कल माझी. कोणी विचारणारं नव्हतं. विचारू शकली असती ती सहा वर्षांपूर्वी गेली, आणि असतानाही विचारलं नाही.

मी महादूकडे बघितलं. तो होडीच्या फळीवरचा रंग नखाने खरवडत होता. मला वाटलं आता 'बरं' म्हणेल. म्हणाला नाही.

"तो पुठ्ठा माझा नाही," मी म्हणालो.

"म्हणजे?"

"माझ्या बायकोचा. इंदूचा. होडीजवळ नाही काढला, घरात पाटावर काढलाय. ती घाटावरची, सातवी शिकलेली, तिला कोणी खाडीत ढकललं नव्हतं. तिने शाळेत शिकवलेली तशी रेघ ओढली. डावीकडून." आणि मग एवढं बोललोच आहे तर म्हणून बाकीचंही सांगितलं. दादर, निर्मात्याचा माणूस, दोन दिवस न बोलणं. "तू काल म्हणालीस सगळ्यांत शांत पुठ्ठा तो. बरोबर बोललीस. माझ्या अक्षराची नक्कल तिने एका दुपारी केली. मला धाकलू तांडेलांकडे सहा वर्षं लागलेली."

हे शेवटचं वाक्य बोलताना मला लाज वाटायला पाहिजे होती. वाटली नाही. उलट छाती भरून आली. बावीस पुठ्ठे काढणारा मी एकटा नव्हतो, आणि दुसरी जी होती ती माझ्या घरातली होती. असं किती पेंटरना म्हणता येईल?

हिराजी म्हणाला, "मना म्हाईत होता."

"तुला कसं?"

"माझी आय तवा तुझे घरान बसलेली. सगले कोलीवाऱ्याला म्हाईत हाय. तुनाच इचारायला कोन आयला नाय."

महादूने तोंड फिरवलं आणि फार वेळ नाक शिंकरत बसला. निवट्यांचं तिखट होतं, असं तो अजून सांगतो.

वर्तकनगर

ऋतुजाने ठरवलं की जुन्या सिनेमाला हात लावायचा नाही, पण तो सुरू व्हायच्या आधी एक पाटी दाखवायची. अक्षरं कोणाची ते सांगणारी. कॉम्प्युटरवर करते म्हणाली. मी म्हणालो, "कॉम्प्युटरला कुठलं अंग आहे?" त्या दुपारी हिराजीच्या परसातच काळा पुठ्ठा आणि पांढरा रंग मागवला.

स्मिताचा फोन आला. "बाबा, चष्मा इथेच आहे. ह्यांच्याबरोबर पाठवू का?"

"राहू दे. मला दिसतंय."

महादूचा चष्मा माझ्या नाकावर होता आणि महादू भिंतीला हात लावत संडासला चाललेला. पण बोललो ते बोललो.

पुठ्ठ्यावर काढायचं होतं एवढंच: 'अक्षरे' आणि खाली 'इंदू आणि सदाशिव'. सगळी अक्षरं झाली आणि रेघ राहिली. पुठ्ठा मी आडवा पाटावर घेतला, तिने घेतलेला तसा. 'इंदू'वर ब्रश टेकला आणि डावीकडून उजवीकडे ओढत 'आणि'पर्यंत आणून सोडला. मग पुठ्ठा उचलला, होडीच्या उजव्या अंगाला टेकवला आणि 'सदाशिव'च्या शेवटाकडून, उजवीकडून डावीकडे, 'आणि'पर्यंत आलो. दोन्ही रेघांची बारीक टोकं तिथे भेटली. जोड दिसतो. बुजवायला गेलो असतो तर बुजला असता.

"दाजी, ताईचं नाव आधी?" महादूने विचारलं. कोणीतरी त्याला सांगितलं असणार, त्याला दिसत नव्हतं.

"तिची रेघ डावीकडून निघते. मग आधी कोण येणार?"

ऋतुजाशी फक्त एका गोष्टीवरून भांडण झालं. ती म्हणाली, पाटी पाच सेकंद ठेवू. मी म्हणालो, दहा. ती म्हणाली, दहा सेकंदांत लोक चुळबुळ करतात, ह्याचा अभ्यास आहे. मी म्हणालो, माझाही आहे. दहावर आलो.

हॉल वर्तकनगरच्या जुन्या वसाहतीजवळ, पंखे मोठ्याने फिरणारे, खुर्च्या लोखंडी. साठ-सत्तर माणसं असतील. बाहेर चहा आणि बिस्किटं. मला हार घालायचं चाललेलं, मी हारातली एक शेवंती काढून खिशात ठेवली आणि हार महादूला दिला. पहिल्या रांगेत आम्ही दोघं. ऋतुजा पाच मिनिटं बोलली, धाकलू तांडेलांचं नाव घेतलं, मला उभं केलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी हात जोडले नाहीत, एक हात छातीवर ठेवला.

दिवे गेले. काळ्यावर पांढरी पाटी आली. पडद्यावर ती आमच्या टिटवाळ्याच्या भिंतीएवढी मोठी झाली आणि जोडातली फट बोटभर दिसायला लागली.

"काय आलं?" महादूने कानाशी विचारलं.

मी पहिल्यांदा वाचलं. मग चष्मा काढून त्याच्या हातात दिला. त्याने लावला आणि त्याचे ओठ हलले. माझ्यापुढे आता नुसता पांढरा डाग होता, पण मला वाचायची गरज नव्हती.

महादूचं वाचून झालं. मग पाटी गेली आणि अंधारात वल्ह्याचा आवाज सुरू झाला.